पाण्यात राहून तहानलेली स्ट्रॉबेरी

पाण्यात पाय सोडून बसलेलं झाड तहानेनं सुकेल का? सुकतं! माझ्या डोळ्यांदेखत सुकलं, म्हणून सांगते.

मी कस्तुरी, सातवीत आहे, राहते दहिवडीला. आमच्या माळावर कुसळांशिवाय काही उगवत नाही, असं भिलारचे विक्रांतमामा म्हणायचे. त्यांची स्ट्रॉबेरी थंड डोंगरावरची, मग काय, तोरा विचारूच नका! शाळेच्या हरितगृहात मी स्ट्रॉबेरी लावल्याचं ऐकून ते फोनवर खो खो हसले. "कस्तुरे, पिकली तर कळव गं, येतो खायला!"

"हिरवी फळं धरलीत, पंधरा दिवसांनी याच," मी ठणकावलं. माळाची अब्रू आता माझ्या हातात होती.

आमची शेती हायड्रोपोनिक्सची (मातीशिवाय, खत विरघळवलेल्या पाण्यावर केलेली). गार हरितगृहात नळ्या, नळ्यांत मुळं आणि मुळांवरून वाहणारं टाकीतलं पाणी. देखरेखीला ठकी, म्हणजे रुळावरून फिरणारा आमचा रोबो. आणि चारच दिवसांत पानांच्या कडा करपल्या, हिरवी फळं मलूल झाली.

"अगं, पाणी तर वाहतंय!" मी रडकुंडीला आले.

"पाण्याची विद्युतवाहकता (पाण्यातून वीज किती सहज वाहते त्याचं माप; क्षार वाढले की तेही वाढतं) तीनवर गेली आहे," ठकी म्हणाली. "हवी सव्वा. जास्तीचं खत कुणी घातलं?"

माझा चेहरा पडला. आमच्याकडे पाहुण्याला आणखी एक पोळी वाढल्याशिवाय पानावरून उठू देत नाहीत. मीही रोज शाळा सुटली की टाकीत ओंजळभर खत जास्त टाकायचे. "घ्या गं, लाजू नका!"

"मग अडवलं का नाहीस मला?"

"रोज पडद्यावर लाल आकडा दाखवला. तू म्हणालीस, नंतर बघू."

खरंच म्हणाले होते.

"डब्यात काकडी आहे ना? फोडींना मीठ लाव," ठकी म्हणाली.

दहा मिनिटांत फोडींना पाणी सुटलं. मी बघतच राहिले.

"पेशीभोवतीच्या पातळ पडद्याच्या दोन बाजूंना क्षार कमीजास्त असले, की पाणी जास्त क्षारांकडे जातं. याला म्हणतात परासरण (पाण्याचं पडद्यातून असं पलीकडे जाणं). एरवी मुळांच्या आत क्षार जास्त, म्हणून पाणी आत शिरतं. तू बाहेरच क्षार वाढवलेस. आता मुळांना पाणी ओढणं जड जातंय."

"म्हणजे माझ्या लाडानं ती उपाशी... नाही, तहानली!"

अर्धी टाकी रिकामी करून मी साधं पाणी भरलं. त्या दिवसापासून आधी आकडा बघायचा, मगच खत मोजून घालायचं. हात शिवशिवायचा, पण आवरायचे. करपलेल्या कडा तशाच राहिल्या, पण नवी पानं हिरवीगार आली. आणि बाराव्या दिवशी फळं लालबुंद झाली!

मामा आले. मी ताटलीत एकच स्ट्रॉबेरी ठेवली. त्यांनी चावली आणि डोळे मिटले. "आणखी घ्या ना" अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

मामांनी स्वतःच हात लांबवून नळीवरची दुसरी तोडली. मग तिसरी.

"कस्तुरे," ते म्हणाले, "सुट्टीत भिलारला ये. आमच्या पोरांना हे शिकवशील?"

"येईन की," मी ऐटीत म्हणाले. "पण ठकीला घेऊन. आणि येताना काकडी आणते!"