कप्तानाचा न धुतलेला कोट

त्या सकाळी ताई नाट्यगृहात लवकर गेली ती एवढ्याचसाठी, की कोट भावाच्या अंगाला लावून बघायचा आणि खांद्यात सैल वाटला तर टाके घालायचे. साधं काम. गळ्यात टेप, दातांत टाचण्या आणि डोक्यात संध्याकाळच्या भाजीचा विचार.

नाटक मंडळीचा कपडेपट ती सांभाळायची. तशी ती ताई एका भावाचीच, पण त्याच्या तोंडून ऐकून ऐकून सगळी मंडळीच तिला ताई म्हणायला लागली होती. आता कपडेपट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे जरतार आणि मखमल येते. ताईच्या डोळ्यांपुढे काय यायचं, ते ऐका. काखेत पिवळे पडलेले सदरे, घामानं ताठ झालेले मोजे, गालाचा रंग आणि नाकाचा शेंबूड एकाच बाहीला पुसलेले अंगरखे. नट रडला की टाळ्या पडतात, पण खरं रडू आलं की ते नाकातूनही येतं, आणि ते निस्तरायला शेवटी ताईच. तिला त्याचं काही वाटत नसे. धुतलं की जातं, म्हणायची.

कप्तानाचा कोट मात्र हातात घेतला की तिला शिसारी यायची.

कारण हा कोट कधी धुतलेलाच नव्हता. ज्या नाटकातला तो कोट, ते नाटक इतकं जुनं की लिहिणाऱ्याच्या नातवंडांची नातवंडंसुद्धा आता तिकीट काढून बघायला येत असतील. शाळेच्या पुस्तकात त्यातला एक प्रवेश असतोच. गोष्ट अशी. जहाज बुडतं, सगळे मरतात, एकटा कप्तान परत येतो. मग बुडालेल्यांची माणसं एकेक करून त्याच्या दारात येतात आणि विचारतात, माझा माणूस कुठाय? कप्तान प्रत्येकाला काहीतरी गोड खोटं सांगतो. शेवटी एक बहीण येते. ती विचारते, "माझा भाऊ कुठाय?" आणि तिला मात्र तो खरं सांगतो. "माझ्या कोटाला धरून होता, बाई. मी त्याची बोटं सोडवली." की पडदा. बसलेल्या माणसांना उठायला वेळ लागायचा, असं ते नाटक.

आणि मंडळीचा रिवाज असा, की कोट पहिल्या कप्तानाचा तोच वापरायचा, पाणी लावायचं नाही, आणि अस्तर फाटलं तर आधीच्या कप्तानाच्या अंगातल्या घामेजल्या सदऱ्याचा तुकडा लावून शिवायचं. होता होता आतलं सगळं अस्तर त्या तुकड्यांचंच झालं होतं. कॉलरवर मळाची अशी पुटं चढली होती की नखानं ओढलं तर मेणासारखी वळी निघायची. त्यात केस चिकटलेले. काळे, पिकलेले, कुणाकुणाचे देव जाणे. शी!

यंदा कप्तान होता ताईचा धाकटा भाऊ. आजवर त्यानं नोकर केले, पहारेकरी केले, एकदा प्रेत केलं आणि त्यातही तो शिंकला. कप्तान मिळाला म्हणून पोरगा हरखून गेला होता. आई गेली तेव्हा तो ताईच्या कमरेएवढाही नव्हता. तिनंच त्याला न्हाऊ घातलं, वाढवलं. लहानपणापासून त्याच्या मानेवर खरूज उठायची, झोप यायची नाही, मग ताई हळूहळू मान खाजवायची तेव्हा कुठे त्याचा डोळा लागायचा. बाकी तिला या जगात कुणी नव्हतं, आणि तिनं कधी कुणी मागितलंही नव्हतं.

त्यानं कोट चढवला, आरशात बघितलं, छाती काढली. मग चेहरा वाकडा करून म्हणाला, "ताई, मान खाजतेय गं."

"पहिल्याच दिवशी नखरे?" ती टाचण्यांमधून म्हणाली. पण कॉलर बाजूला करून बघितलं तर कातडी लालभडक झाली होती.

तालमी चालू राहिल्या तशी पुरळ वाढली. मानेभोवती गोलाकार फोड उठले, फुटले, पू कॉलरला लागायला लागला. ताई रोज रात्री औषध लावायची आणि रोज सकाळी तो पुन्हा त्या घाणीत मान घालायचा. शेवटी ती दिग्दर्शकाकडे गेली. त्याला सगळे मास्तर म्हणायचे.

"मास्तर, कोट धुते मी. नाहीतर नवा शिवते, हुबेहूब."

"ताई, तो कोट म्हणजे नाटक आहे आपलं."

"नाटक कसलं, गादीत मेलेला उंदीर आहे तो. पोराच्या मानेची काय दशा झालीय, बघा तरी."

"हातसुद्धा लावायचा नाही," मास्तर म्हणाले, आणि वही उघडून बसले. विषय संपला.

त्याच दिवशी एक प्राध्यापक तालमीला आले होते. अभिजात नाटकावर चार शब्द बोलायला. चार कसले, तास घेतला त्यांनी. म्हणाले, अशी कलाकृती मरत नाही, कारण प्रत्येक पिढी तिच्यात आपलं काहीतरी ठेवून जाते. ताईनं मांडीवरच्या कोटाच्या अस्तराकडे बघितलं. ठेवून जाते हे तर खरंच होतं.

मंडळीत एकच माणूस असा होता ज्याला त्या कोटाचा त्रास नव्हता. रंगवाले काका. चेहरे रंगवायचे म्हणून रंगवाले. तरुणपणी त्यांनी स्वतः कप्तान केला होता, गाजवला होता. ते कोटाजवळ बसून खुशाल चहा प्यायचे.

"काका, तुम्हाला मळमळत नाही?"

"मला वासच येत नाही गं," काका म्हणाले. "कप्तान केला तेव्हापासून. कशाचाच नाही. थोडंसं ठेवलंय मी त्याच्यात. सगळेच थोडं थोडं ठेवतात. म्हणून भागतं."

ताईला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय.

पहिल्या प्रयोगाच्या दुपारी भाऊ विंगेत पालथा पडून झोपला होता. मान टरटरून सुजलेली, त्यावर माशा बसत होत्या. ताईनं माशा हाकलल्या. पुन्हा बसल्या. तिचं डोकंच फिरलं. गेलं खड्ड्यात ते नाटक, म्हणाली, आणि कोट उचलून मागच्या अंगणातल्या मोरीवर गेली. कडकडीत पाणी, साबण, घासायचा ब्रश. ऊन चांगलं होतं. इस्त्री फिरवली की संध्याकाळपर्यंत कोट वाळला असता, आणि कुणाला काही कळलंही नसतं.

कोट पाण्यात घातल्याबरोबर पाणी चहासारखं झालं. मग काळं. मग घट्ट. वर साय धरली. ब्रश मारला तशी कॉलरवरची पुटं सुटली आणि तिच्या बोटांना चिकटली, गरम, बुळबुळीत. केसांचे पुंजके वर आले. अस्तराचे तुकडे शिवणीतून आपोआप सुटले आणि विरघळले, कापड नसून जुनी कातडी असावी तसे. आणि वास! एकेका माणसाच्या तोंडाचा, काखेचा, आजारपणाचा वेगवेगळा वास ओळखू यावा असा वाफेतून वर येत होता. ताईनं तोंड फिरवलं आणि तिथेच ओकली. तोंड पुसलं, पुन्हा बसली. भावासाठी तिनं याहून काय काय काढलं होतं.

तिनं उजवी बाही पिळली. डाव्या बाहीतून कुणीतरी खोकलं.

ती थांबली. अंगणात चिटपाखरू नव्हतं. पाणी मोरीत घोटाघोटानं उतरत होतं, गुडगुड, गुडगुड, आणि त्या गुडगुडण्याला एक चाल होती. नाटकातल्या वाक्यांची. माणसं घोळक्यानं, दबक्या आवाजात, पाठ म्हणत खाली उतरत असावीत... ताईनं बादलीतलं उरलेलं पाणी धाडकन ओतलं आणि मोरीच्या तोंडावर दगड ठेवला. मग आवाज आला नाही.

वाळलेला कोट अगदी हलका झाला होता. वासाचं नाव नाही. इस्त्री फिरवताना त्याची बाही तिच्या मनगटाला गुंडाळत होती, आणि सोडवली की पुन्हा गुंडाळत होती. नवी लोकर अशीच करते, तिनं मनाशी म्हटलं. पण लोकर नवी कुठे होती.

संध्याकाळी भावानं कोट चढवला आणि त्याचे डोळे चमकले. "अगं ताई, खाजतच नाही!"

ती हसली. केल्याचं चीज झालं, वाटलं तिला. रंगवाले काका त्याच्या गळ्याला रंग लावत होते. त्यांचा हात कॉलरवर आला आणि थांबला. भाऊ विंगेत गेला तसे ते ताईकडे वळले. चेहरा पांढराफटक.

"काय केलंस?"

"धुतला... का?"

"सगळा?"

"सगळा."

काका खाली बसले. "अगं, आम्ही होतो त्यात. इतकी माणसं होतो, म्हणून नव्या पोराचं त्याला थोडंसं पुरायचं." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "तू तो रिकामा केलास... आणि पोराला आत घातलंस."

ताई धावली. तिसरी घंटा होऊन गेली होती. ती विंगेत पोचली तेव्हा पडदा वर जात होता आणि उजेडात तिचा भाऊ पाठमोरा उभा होता. तिनं हाक मारायला तोंड उघडलं. पण समोर अख्खं नाट्यगृह भरलेलं, आणि पोराच्या आयुष्यातला हा दिवस. तिचं तोंड तसंच मिटलं. पुढे कितीदा तरी तिनं त्या मिटलेल्या तोंडाला शिव्या घातल्या.

तो बोलायला लागला आणि लोक पुढे सरकून बसले. हा तोच का, प्रेत होऊन शिंकणारा? असा आवाज ताईनं कधी ऐकला नव्हता. स्वच्छ, खोल, कुणाचाच नसलेला. बाया डोळे पुसत होत्या. ताईचं लक्ष मात्र कॉलरवर होतं. पहिल्या अंकात तिथं एक पुसट रेघ उठली. दुसऱ्या अंकात ती पिवळी झाली, मग तेलकट. तिसऱ्या अंकात कोट त्याच्या अंगावर ओला होऊन लोंबायला लागला आणि विंगेपर्यंत वास आला. कुणाकुणाचा नाही, एकाचाच. ताईनं तो ताबडतोब ओळखला. तापात फणफणलेल्या, अंथरूण ओलं केलेल्या, तिच्या गळ्यात पडून झोपलेल्या पोराचा.

शेवटची बहीण आली. "माझा भाऊ कुठाय?"

"माझ्या कोटाला धरून होता, बाई. मी त्याची बोटं सोडवली."

पडदा पडला. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की छताची धूळ खाली आली.

रंगपटात ताईनं त्याची बटणं काढली. कोट दोन्ही हातांनी उचलावा लागला, इतका जड झाला होता. कॉलरवर पुट चढलं होतं, त्यात त्याचे काळे केस. तिनं कोट खुंटीला अडकवला आणि भावाकडे बघितलं. मानेवर एक फोड नाही. कातडी गुळगुळीत, नुकतीच घासून ठेवलेली ताटली असावी तशी. तिनं त्याला जवळ घेतलं आणि त्याच्या केसांत नाक खुपसलं.

कसलाच वास नव्हता. घामाचा नाही, रंगाचा नाही, माणसाचा नाही. आयुष्यभर घाण उपसलेल्या त्या बाईला इतकी किळस कधी आली नव्हती. तिनं त्याला ढकललंच. तो ढकलला गेला आणि तिथेच उभा राहिला.

तेवढ्यात मास्तर आले, मागून प्राध्यापक. प्राध्यापकांचा चष्मा ओला झाला होता. "आज नाटक पुन्हा जन्माला आलं," ते म्हणाले. "शंभर वर्षं मरण नाही आता त्याला." मास्तरांनी ताईचा हात हातात घेतला. "आणि तुम्ही म्हणे कोट धुणार होतात!" दोघं हसत हसत बाहेर गेले. भाऊही हसत होता. तेवढंच, जेवढं कप्तान पहिल्या अंकात हसतो.

दार लागलं. ताईनं त्याचे खांदे धरले.

"बाळा, माझ्याकडे बघ. मी आहे. ताई आहे."

तो बघत राहिला. शांत. अदबशीर. ताईच्या तोंडून जे निघालं ते तिनं ठरवून म्हटलं नव्हतं. दुसरं काही म्हणण्यासारखं उरलंच नव्हतं.

"माझा भाऊ कुठाय?"

त्यानं मान किंचित झुकवली. डोळे भरून आणले. "माझ्या कोटाला धरून होता, बाई," तो म्हणाला. "मी त्याची बोटं सोडवली." आणि दार उघडून, थांबलेल्या लोकांच्या टाळ्या घ्यायला बाहेर गेला.

ताई एकटी उरली. खुंटीवरून वास येत होता, ओला, आंबट. तिला हललं जाईना. आणि मग खुंटीकडूनच, झोपेत बोलावं तसं, अगदी लहान आवाजात कुणीतरी म्हणालं...

"ताई... मान खाजतेय गं."

ती खुंटीपाशी गेली. त्या चिकट, केसाळ कॉलरवर तिनं गाल ठेवला आणि नखं फिरवायला सुरुवात केली. हळूहळू, तो झोपेपर्यंत.