आतल्या टायरवरची लाल रेघ

हसू नकोस, ट्रॅव्हिस. तुझ्या मोटरहोमच्या मागच्या आतल्या टायरची हवा शेवटची कधी बघितलीस? मागे दोन्ही बाजूंना दोन-दोन टायर; जोडीतला बाहेरचा दिसतो, म्हणून सगळे त्यालाच गोंजारतात. लाकूड टाक शेकोटीत आणि ऐक.

माझा मित्र व्हर्लिनही तुझ्यासारखाच आळशी. त्याची बायको आयलीन मात्र गाडीखाली आडवी होऊन आतल्या व्हॉल्व्हपर्यंत हात घालायची. पितळी टोपी घट्ट पिळायची आणि टोपीवरून व्हॉल्व्हवर लाल नेलपॉलिशची रेघ ओढायची. रेघ तुटलेली दिसली की समजायचं, टोपी सैल झाली. मग लाकडी दांडक्याने सहाही टायर ठोकायची; हवा भरलेला टायर ठक वाजतो, हवा कमी असलेला भद. "माझ्या नखांचेसुद्धा एवढे लाड नाहीत," म्हणायची. ती गेली तेव्हा व्हर्लिनने ती नेलपॉलिशची बाटली तिच्या शवपेटीत ठेवली. मी शेजारीच उभा होतो.

नंतर गुडघे दुखतात म्हणून त्याने आतल्या व्हॉल्व्हला रबरी नळी जोडली. वाकायला नको, बाहेरूनच हवा भरता येते. पण नळी झिजते. गळते.

गेल्या वर्षी, चौदा नोव्हेंबर, गुरुवार. दुसऱ्या दिवशी टक्सनला त्याच्या लेकीचं हृदयाचं ऑपरेशन. पहाटे तीनला निघून घाट उतरायचा, म्हणून तो घाटमाथ्यावर रस्त्याकडेलाच झोपला. एकटा. टायर बघायचे राहिले.

दोन वाजून दहा मिनिटांनी जाग आली.

ठक.

पुढचा डावा. त्याने उशाशी चाचपलं. आयलीनचं दांडकं तिथेच होतं.

ठक. पुढचा उजवा. पावलं वाजत नव्हती.

मागे गेलं... ठक. बाहेरचा.

मग... भद.

आतला.

भद... भद... भद...

"आयलीन?"

...

थांबलं.

उजाडेपर्यंत त्याने दार उघडलं नाही. लेकीला फोन करून म्हणाला, "पोरी, उशीर होईल, पण येतो." रडत होता.

सकाळी पायरीवर ती रबरी नळी पडलेली. नीट गुंडाळून ठेवलेली, मधोमध चिरलेली. आतल्या टायरमध्ये, नंतर मोजली तेव्हा, शंभरच्या जागी चाळीस पौंड हवा निघाली. त्या घाटात टायर फुटून गाडी दरीत गेली असती. लेक शुद्धीवर येऊन बाप कुठे आहे, असं विचारत राहिली असती.

दुखऱ्या गुडघ्यांनी तो गाडीखाली शिरला. व्हॉल्व्हवर पितळी टोपी घट्ट बसवलेली. तिच्यावरून खाली लाल रेघ.

त्याने बोट लावलं.

रंग अजून ओला होता.