सहापैकी दोन कुंड्या

“कुणीतरी माझी झाडं मारतंय,” वेंडेल ऑस्टगार्ड दारातूनच म्हणाला आणि कुणी बसा म्हणायच्या आत बसला.

रोझलिन पाइकचं ऑफिस कपडे धुण्याच्या दुकानाच्या माडीवर होतं. खाली यंत्रं घरघरत आणि वर ती लोकांची भांडणं निस्तरत असे. वीस वर्षं विम्याचे खोटे दावे पकडून तिची नजर अशी तयार झाली होती, की समोरचा खोकला तरी आधी तो खोकला खरा की खोटा हे ती बघायची. हर्ब क्विग्ली तिची गाडी चालवायचा. पूर्वी तो ओंडक्यांचा ट्रक चालवत असे. तपासात त्याचा उपयोग जवळपास शून्य, पण घरी एकट्याने डब्यातलं सूप गरम करून पिण्यापेक्षा इथे येऊन मूर्खात निघालेलं बरं, असं त्याचं मत होतं.

“कसली झाडं?” हर्बने विचारलं.

“या डोंगरात लोक कसली झाडं लावतात? गुलाबाची?”

गांजासाठी गाजलेल्या हम्बोल्टमध्ये जन्म काढून हर्बने हा प्रश्न विचारायला नकोच होता.

“गांजाची सहा झाडं आहेत,” वेंडेल म्हणाला. “कायद्यात बसतात तेवढीच. माझी बायको कोरा चाळीस वर्षं दरसाल तेच बी धरायची आणि तेच पेरायची. मार्चमध्ये ती गेली. फ्रीझरमधलं उरलंसुरलं सगळं बी मी लावलं, त्यातलं एवढंच उगवलं. पाच माद्या आणि एक नर. ही गेली की कोराचं बी संपलं. मग माझ्याकडे तिचं काय राहतं? तिचा चष्मा?”

त्याने हातांकडे पाहिलं आणि ते खिशात घातले.

“संशय कुणावर आहे?” रोझलिनने विचारलं.

“शेजारीण इनेझ टॅव्हारेस. नऊ वर्षं आमचं बोलणं नाही. नाहीतर खतांच्या दुकानातला टकर. तो कोराच्या बियांवर केव्हाचा डोळा ठेवून आहे.”

ऑगस्टचं ऊन गाडीच्या टपावर तापत होतं. वेंडेलच्या आवारात कुंपणापासून घराकडे एका ओळीत सहा काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या होत्या. प्रत्येकीत एक पोर उभं राहील एवढ्या मोठ्या. कुंपणाजवळची दोन झाडं हिरवीगार होती. बाकीच्या चारांनी माना टाकल्या होत्या आणि खालची पानं पिवळी पडली होती.

“चौथ्या कुंडीत नर आहे,” वेंडेल म्हणाला. “तो गेला तर कुंपणाजवळच्या त्या दोघींचाही उपयोग नाही. बी धरणार कसं?”

“हे सुरू कधी झालं?”

“जुलैत. कोराची राख घेऊन ओरेगॉनला तिच्या बहिणीकडे गेलो होतो. पाच दिवस. इथे पारा चाळिसाच्या वर. आलो तर सहाही झाडं झोपलेली. लगेच पाणी घातलं, खालच्या ताटल्या भरून वाहायला लागल्या, तरी उठेनात. टकर म्हणाला, पाणी जास्त झालंय, निम्मं कर, ताटलीत साचलेलं ओतून टाक. तसंच करतोय. रोज सकाळी एक झारी, आणि ताटल्या रिकाम्या करायच्या. माझी विहीर आटली आहे, टँकरचं पाणी आहे, त्यामुळे जास्त घालणं परवडतही नाही.”

“आणि या दोन?”

“त्या आठवड्याभरात आपोआप सावरल्या. म्हणून तर म्हणतो! सकाळी आठला उठून येतो, तर या दोघींच्या बुडाशी जमीन ओली. त्या बाईने काहीतरी ओतलेलं असतं. स्वतःच्या बाजूच्या दोन ठेवायच्या आणि बाकीच्या मारायच्या, म्हणजे तिच्यावर संशय जायला नको.”

“फारच हुशार बाई म्हणायची,” रोझलिन म्हणाली.

ती खाली वाकली. ओल्या मातीत वेंडेलच्या बुटांचे ठसे होते, दुसरे कुणाचेच नव्हते. कुंपणाच्या एका फळीला गाठ निखळून पडलेलं भोक होतं, अंगठा सहज जाईल एवढं. त्याच्या खालच्या काठावर शेवाळ होतं. हर्बने बोट लावून पाहिलं आणि पँटला पुसलं.

“हर्ब, चौथी कुंडी कलंडव जरा.”

“माझी कंबर मोडेल, बाईसाहेब.”

“तुझी कंबर काय काचेची आहे? कलंडव.”

हर्बने पाय रोवले, दम धरला आणि काठ धरून जोर लावला. कुंडी एवढ्या सहज वर आली, की तो मागच्या मागे बसला. त्याचा लायटर खिशातून निसटून कुंडीत पडला, पण मातीवर नाही. माती आणि कुंडीची भिंत यांच्यामध्ये बोटभर फट होती, तिथे तो आत गेला. लायटर काढताना हर्बचं मनगट खरचटलं. वेंडेल हसला नाही. असल्या गोष्टीवर हसायला सोबत आपलं कुणीतरी असावं लागतं, हे हर्बला माहीत होतं.

रोझलिनने झारीतलं थोडं पाणी चौथ्या कुंडीत ओतलं आणि मोजलं. चार म्हणायच्या आत ताटलीत पाणी आलं.

“बघा, गच्च भरलीय,” हर्ब म्हणाला. “आत जागाच नाही.”

झोपलेल्या झाडाचं एक पान तोडून रोझलिनने बोटांत चोळलं. ते वहीच्या कागदासारखं पातळ होतं आणि चुरचुरलं.

टकरच्या दुकानात कुजलेल्या मुळांवरच्या औषधाच्या बाटल्यांची एक अख्खी भिंत होती.

“मी विष घालीन?” टकर उखडला. “त्या बियांसाठी मी कोराला तीनदा विचारलं. तीनदा तिने मला कॉफी पाजली आणि घरी पाठवलं. झाडं मेली तर मला काय, कॉफीचे कप मिळणार?”

“पाणी निम्मं करायला तू सांगितलंस?”

“माना टाकलेल्या, ताटल्या तुडुंब. याला पाणी जास्त झालं नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? कुणीही हेच सांगेल.”

“झाडं बघायला गेला होतास?”

“तो पानं पिशवीतून घेऊन आला होता.” टकर जरा ओशाळला. “म्हातारा इथे तासभर बसून होता. गिऱ्हाईकं खोळंबली होती. पटकन काहीतरी सांगितलं.”

इनेझ टॅव्हारेस साठी ओलांडलेली, उन्हाने रापलेली बाई होती. तिने त्यांना पायरीवरच थांबवलं. तिच्या वाफ्यात घेवडा होता आणि घेवड्यापासून लांब, कुंपणाच्या कडेला, जिथे गवतही नव्हतं, तिथे झऱ्यावरून आलेली बागेची नळी ताणून पडली होती. येताना हर्ब त्या नळीला अडखळला होता. नळीला सूतभरही ढील नव्हती.

“त्याच्या आवारात नऊ वर्षांत पाऊल टाकलेलं नाही,” इनेझ म्हणाली. “टाकणारही नाही.”

“झाडं मरतायत, माहीत आहे?”

“मला डोळे आहेत.” मग तिने कुंपणाकडे पाहिलं. “त्या नराला कळ्या आल्या का?”

“नर आहे हे तुम्हाला कसं ठाऊक?”

“कोरा कुंपणापाशी येऊन सांगायची, नर घराच्या बाजूला ठेवायचा, वाऱ्याने पराग माद्यांवर आला पाहिजे.” एवढं बोलून तिने जाळीचं दार ओढून घेतलं.

गाडीत हर्ब म्हणाला, “तीच आहे. एवढा राग कुणाच्या डोळ्यांत असतो का?”

“रागच आहे,” रोझलिन म्हणाली. “पण झाडांवर नाही. टकरला फोन कर. त्यालाही ऐकू दे.”

चार वाजता वेंडेलच्या आवारात चौघे उभे होते. टकर दुकान बंद करून आला होता. इनेझ आली नाही, पण कुंपणापलीकडे तिची टोपी दिसत होती.

“इथे कुणी आलेलंच नाही,” रोझलिनने सुरुवात केली. “ओल्या चिखलात फक्त वेंडेलच्या बुटांचे ठसे आहेत. विष घालायला माणूस उडत येत नाही.”

“मग माझी झाडं?” वेंडेलने विचारलं.

“तुमची झाडं तहानेने मरतायत.”

“रोज पाणी घालतो मी!”

“घालता. ते झाडाला मिळत नाही.” तिने चौथ्या कुंडीच्या मधोमध एक बारीक सळई खुपसली आणि बाहेर काढली. वर इंचभर ओलसर, खाली कोरडी धूळ. “ही माती एकदा पूर्ण वाळली, की पाणी घेत नाही. आक्रसते आणि कुंडीपासून सुटते. तुम्ही गेलात ते पाच दिवस उन्हात ती तशी झाली. आता पाणी घातलं की ते कडेच्या फटीतून सरळ ताटलीत उतरतं. हर्बचा लायटर गेला, तिथून.”

“म्हणून चार मोजायच्या आत आलं,” हर्ब पुटपुटला.

“भरलेली कुंडी तुझ्याने हलली नसती. तू तर मागच्या मागे बसलास. आणि पाणी जास्त झालं तर पान जाड, फुगलेलं, खाली वळलेलं असतं. हे कागदासारखं आहे. टकर, तू ताटली बघून निदान केलंस, तीही ऐकीव. शिवाय ताटलीत साचलेलं पाणी ओतून टाकायला लावलंस. खालून शोषून घ्यायची शेवटची संधीही गेली.”

टकरने टोपी काढली. “कोरा कुंडी हलवून बघायची,” तो हळूच म्हणाला. “दर वेळी. पाणी घालायच्या आधी.”

“माझी पाठ दुखते,” वेंडेल म्हणाला. मग म्हणाला, “मला वाटलं, कुणीतरी येतंय. रोज उठून बघायचो, आज आलं होतं का.”

हर्बला स्वतःच्या टपालपेटीची आठवण झाली. दिवसातून तीनदा तो ती उघडून बघायचा.

“मग त्या दोघी कशा सावरल्या?” अखेर वेंडेलने विचारलं.

“ज्या मातीला पाणी नको झालंय, तिला ते थेंबाथेंबाने, तास-तासभर द्यावं लागतं. कुणीतरी पहाटे तसं देत होतं, तुम्ही उठायच्या आत. त्या फळीच्या भोकातून. ऑगस्टमध्ये इथे गवत जळतं, आणि भोकाला शेवाळ आहे. पलीकडे एक नळी आहे. घेवड्यापर्यंत नाही, उजाड कुंपणापर्यंत ताणलेली.”

वेंडेल कुंपणाकडे वळला. नऊ वर्षांत बहुधा पहिल्यांदाच त्याने त्या टोपीकडे थेट पाहिलं.

“दोनच का?” त्याने हाक मारून विचारलं. “इनेझ, दोनच का?”

“नळी तेवढीच पोचते,” पलीकडून उत्तर आलं.

मग वेंडेल आटलेल्या विहिरीकडे गेला आणि तिथे पडलेलं आपल्या नळीचं वेटोळं ओढत घेऊन आला. दमला, पण हर्बला हात लावू दिला नाही. एक टोक त्याने कुंपणावरून पलीकडे दिलं. ते कुणीतरी घेतलं. थोड्या वेळाने दुसऱ्या टोकातून चौथ्या कुंडीत पाण्याची दोऱ्याएवढी धार पडू लागली.

“रात्रीपर्यंत लागेल,” रोझलिन म्हणाली. “नर वाचेल. सहावीचं सांगता येत नाही.”

“हे कोरासाठी आहे,” इनेझ कुंपणाआडून म्हणाली. “तुझ्यासाठी नाही. तू माझा कुत्रा गोळी घालून मारलास.”

“त्याने माझ्या कोंबड्या...” वेंडेलने वाक्य तोडलं. तो खुर्ची ओढत कुंपणाशी आला आणि बसला. हर्ब आणि रोझलिन फाटकापर्यंत पोचले तेव्हा त्यांना मागून त्याचं बोलणं ऐकू आलं.

“त्याचं नाव काय होतं? मी कधी विचारलंच नाही.”



“बेंटो,” इनेझ म्हणाली. आणि मग तिच्या बाजूलाही खुर्ची ओढल्याचा आवाज आला.