जांभळाची बरणी

दुसऱ्याची बरणी नेऊन महिनाभर परत न देणारा माणूस कवडीच्या भरवशाचा नसतो, असं शैलजाकाकूंचं मत. वरच्या खोलीतला भाडेकरू गौरांग तसाच निघाला. सिहोरा गावचा, फॅक्टरीत इंजिनिअर. मराठी समजायची, बोलायला गेला की हिंदीत घसरायचा. "जांभळाचं लोणचं टाकतो, काकू," म्हणून मोठी चिनीमातीची बरणी घेऊन वर गेला, तो गेलाच.

"जांभळाचं लोणचं," काकू नाक मुरडत म्हणाल्या. "सिहोऱ्यात करत असतील बाई."

खरं तर सुरुवात जिन्यातच झाली होती. बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून तो जांभळं घेऊन वर येत होता, काकूंची लेक समिधा शाळेत शिकवायला खाली निघालेली. पिशवी फाटली. समिधाची पांढरी ओढणी जांभळी झाली.

"सॉरी... धुतलं तर निघेल ना?"

"जांभळाचा डाग? नाही निघत."

"फिर तो... रोज आठवण येईल तुम्हाला माझी."

"रोज शिव्या देईन," समिधा म्हणाली. पण हसत म्हणाली, आणि दारात तांदूळ निवडणाऱ्या काकूंचा हात सुपातच थांबला.

तेव्हापासून पोरगी रोज संध्याकाळी "बरणी ढवळून येते" म्हणून वर. उतरायची तेव्हा बोटं जांभळी, गाल लाल.

चौथ्या दिवशी काकू पापड वाळवायला गच्चीवर गेल्या. दोघंही कामावर गेलेले, खोलीचं दार नुसतं लोटलेलं. बरणीचं फडकं सोडून बघतात तर आत फेस, आणि बुडबुड करून राहिलेली. फेस आलेल्या लोणच्यात मीठ न घालता परत फिरणारी बाई काकूंच्या मोहल्ल्यात, दीक्षितपुऱ्यात, अजून जन्मायची होती. काकूंनी दोन मुठी खडेमीठ टाकलं, ढवळलं, फडकं बांधलं. पोराचं लोणचं वाचवलं. सांगायचं काय त्यात?

महिना झाला. शनिवारी संध्याकाळी जिन्यातली कुजबुज काकूंच्या कानावर आली.

"काकूंना वाइन म्हणायची हिंमतच नाही झाली. महिनाभर एक थेंब नाही चाखला, समिधाजी. उद्या गाळून पहिला गिलास त्यांच्यासमोर ठेवतो. चांगली निघाली तर... तुम्हाला मागून घेतो."

"आणि बिघडली तर?"

"तो किस मुँह से माँगूँ? ज्याला एक बरणी नाही सांभाळता आली..."

"म्हणजे माझं लग्न तुमच्या जांभळांवर?"

"थोडं शक्करवर पण."

समिधा हसली नाही. "चांगली निघू दे," म्हणाली... अगदी हळू.

खाली काकूंनी कपाळाला हात लावला. मीठ. कबूल करायचं तर चाळीस वर्षांत पहिल्यांदा शैलजाबाईंचा हात चुकला म्हणायचं. त्यांनी मिठाचा डबा फळीवर मागे सरकवला.

रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून गौरांग खाली आला. बरणी, तीन स्टीलचे गिलास. तिन्ही भरले. रंग काय सुरेख उतरला होता, जसा पैठणीचा काठ. त्यानं आधी स्वतः घोट घेतला, आणि चेहरा असा झाला जसं कोणी नर्मदेचं पाणी खारं झालं सांगावं.

"बिघडली, काकू," खाली बघत म्हणाला. "बरणी... घासून आणून देतो." आणि ती उचलून दाराकडे वळला. समिधा ओढणीचा डाग चोळत बसली.

काकूंनी उरलेल्यातला एक गिलास उचलला, एका दमात रिकामा केला, पदरानं तोंड पुसलं.

"थांब रे. मीठ मी घातलं. लोणचं म्हणालास, म्हणून घातलं. खोटं तुझं, मीठ माझं, दोघांनी मिळून बिघडवली. त्यात पोरीनं काहून रडायचं?"

गौरांग उंबऱ्यातून मागे वळला. समिधा उठली, त्याच्या हातातून बरणी काढून घेतली, आणि खालच्या मोरीकडे न जाता सरळ जिना चढू लागली. अर्ध्यात थांबून म्हणाली, "येताय ना? धुवायची आहे. पुन्हा लावू."

काकूंनी तिच्या पाठीकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"बघतो काय, जा. आणि ऐकून ठेव, जावईबापू. माणूस तू भरवशाचा नाहीसच, पण आता ना बरणी परत आणायची, ना पोरगी."