सेटल म्हणजे काय हो, मॅडम?

लातूरच्या स्टँडावर नांदेडची गाडी लागली की माणसं माणसं राहत नाहीत. कुणी खिडकीतून रुमाल टाकतं, कुणी पिशवी. त्या दिवशी माझ्या दामिनीनं ओढणी टाकली. आम्ही मायलेकी गर्दीतून रेटारेटी करत वर चढलो आणि बघतो तर ओढणी खाली पडलेली, सीटवर पिवळा टॉवेल ऐटीत पसरलेला. टॉवेलाच्या शेजारी टॉवेलाचा मालक.

"उठा," दामिनी म्हणाली.

"टॉवेल आधी पडला होता, मॅडम."

"मग माझी ओढणी खाली कुणी पाडली?"

"वाऱ्यानं."

"गाडी उभी हाय. वारा कुठून आला?"

"आता सुटलाय की..." असं म्हणून त्यानं तिच्याकडं नीट बघितलं आणि पुढचं बोलायचं विसरून गेला.

मी चौथी शिकलेली बाई, पण असलं गप होणं मला वाचता येतं. म्हणाले, "बाळा, वारा खाऊन झाला असंल तर ऊठ. माझे गुडघे दुखतेत."

उठला बिचारा. खाली वाकून ओढणी उचलली, झटकली, कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी घातली आणि तिच्या मांडीवर ठेवली. हळू... बोट लागू न देता. दामिनीनं तोंड खिडकीकडं फिरवलं. कान मात्र लाल झालेले.

गाडी सुटली. तो दांडा धरून आमच्याजवळच उभा. मागं जागा झाली तरी हलेना. नाव संगमेश्वर. अहमदपूरच्या अलीकडचं गाव, सात एकर रान, गोठ्यात देवणी गाई. हे सगळं मी चाकूर यायच्या आत काढून घेतलं. आणि माझी पोरगी कॉलेजात इंग्रजी शिकवते, हेही मीच सांगितलं. का सांगू नये? नवरा गेल्यावर औशाला किराणा दुकानाच्या फळीवर बसून शिकवली मी तिला.

"मग एक शब्द सांगा की," तो वाकून म्हणाला. "सेटल म्हणजे काय हो, मॅडम?"

"तुम्हाला कशाला पाहिजे?"

"चार ठिकाणी पोरगी बघायला गेलो. चारी ठिकाणी हेच. मुलगा चांगला हाय, पण सेटल न्हाई. घरी येऊन आरशात बघितलं. नाक हाय, डोळे हायत... कुठं काय कमी हाय ते कळंना."

दामिनीला हसू आलं. ते तिनं दाबलं, पण एका गालावर राहिलंच.

"जुन्या इंग्रजीत बसायच्या जागेला असा शब्द होता," ती म्हणाली, वर्गात बोलते तशी. "बाकडं म्हणा. त्याच्यावरून क्रियापद झालं, बसणं, बसवणं. गढूळ पाण्यातला गाळ तळाला बसतो, त्यालाही हाच शब्द. भांडण मिटलं, माणसं एखाद्या मुलखात वसली, उधारी फिटली... सगळ्याला हाच."

"म्हणजे मी अजून गाळ झालो न्हाई म्हणून पोरगी मिळंना?"

"तुम्ही तर सध्या उभेच आहात."

"कुणामुळं?"

तिनं मांडीवरची ओढणी उलगडून पुन्हा घडी घातली. अहमदपूरला तो उतरला, खिडकीखाली येऊन उभा राहिला. "शरणार्थ, मावशी," हात जोडून मला म्हणाला, आम्हा लिंगायतांचा नमस्कार. तिला काहीच म्हणाला नाही. गाडी वळेपर्यंत नुसता बघत राहिला.

आता मला विचारा, सेटल म्हणजे काय ते. इंग्रजीतलं दामिनीला ठाऊक, आमच्याकडचं मला ठाऊक. पोरगा पुण्यात एका खोलीत चौघांबरोबर अंथरूण घालून झोपत असला, तर तो सेटल. मालकानं उद्या ये म्हटलं तर जाणार, येऊ नको म्हटलं तर रडणार, तो सेटल. आणि ज्याचे आजे-पणजे आमच्या रीतीनं त्याच्याच रानात पुरलेले, ज्याच्या घरचं पाणी चार गल्ल्या पितात, तो सेटल न्हाई! मेल्यांनो, बाकड्याचा शब्द आणि तो तुम्ही माणसाच्या कपाळावर मारता?

महिन्याभरानं दारात मोटारसायकल वाजली. संगमेश्वर, हातात स्टीलची बरणी.

"गाय व्याली, मावशी. खरवसाला चीक आणलाय."

"एवढ्या लांबून? उन्हात नासला असंल."

"ओला फडका गुंडाळलाय. मधी दोन ठिकाणी थांबून भिजवला."

"घर कसं सापडलं?"

तो वहाणांकडं बघायला लागला. दामिनी आतून ओरडली, "अव्वा, दारात काय उलटतपासणी? आत घे की!" मी वळून बघितलं. बाईसाहेबांनी केस विंचरले होते. म्हणजे येणार हे ठाऊक होतं. म्हणजे फोन चालू होते. आणि मला, ह्या घरात मिठाची पुडीसुद्धा जिच्या नजरेतून सुटत नाही त्या मला, पत्ता नाही! मी लई चिडले. खरवस मात्र चांगला झाला.

मग ते येणं-जाणं सुरू झालं. तो आला की दोघं ओसरीवर बसायची आणि भांडायची. हो, भांडायचीच.

"तुमची गाय माझ्यापेक्षा जास्त फोटोत असते," ती म्हणायची.

"ती फोटो काढताना तोंड वाकडं करत न्हाई."

"मग तिलाच मेसेज करा."

"करतो की. पण ती उत्तर देत न्हाई... अगदी तुमच्यासारखी."

मी आत पोळ्या लाटत ऐकायची. पोरगी रागानं बोलायची आणि तो निघाला की दारात उभी राहून मोटारसायकलीचा आवाज संपेपर्यंत ऐकायची.

दिवाळीनंतर त्याचे चुलते शिवलिंगअप्पा रीतसर मागणी घेऊन आले. आमच्याकडं असं बोलणं थोरल्या दिरासमोर होतं, म्हणून माझे दीर माणिकप्पा मधोमध बसलेले. दुकानाच्या टायमाला कधी पाठीशी उभे राहिले नाहीत, पण पंचाईतीला पुढं. अप्पांचं बोलणं पुरतं ऐकलंसुद्धा नाही त्यांनी.

"पोरगा बरा हाय हो. पण सेटल न्हाई. आमची पोरगी शेणात हात घालणार काय? नोकरी असंल तर बोलू."

दामिनी आतून बाहेर यायच्या आत अप्पा टोपी घालून निघून गेले. त्या दिवशी दीर आणि मी असे भांडलो की शेजारचा टीव्ही बंद झाला.

त्यानंतर संगमेश्वरचा फोन बंद. एक आठवडा, दोन आठवडे. दामिनी कॉलेजात जायची, यायची, जेवायची नाही. मी विचारलं की म्हणायची, "मला काय पडलंय?" आणि रात्रीची भाजी तशीच झाकून ठेवायची.

आणि एक दिवस दीर हसत आले. "ऐकलं का, पोरानं अक्कल दाखवली. चाकणला कंपनीत लागलाय. रविवारी बघायला येऊ द्या. सुपारीही फोडून टाकू."

मला वाटलं पोरगी नाचेल. तिनं हातातली वाटी अशी आपटली की ती घरंगळत मोरीपर्यंत गेली. "मला विचारलं? एका शब्दानं विचारलं? गाई कुणाच्या जिवावर सोडल्या? माझ्यासाठी कुणी बदलायचं असंल तर आधी मला विचारायचं!"

रविवारी तो आला. शर्ट खोचलेला, केसाला तेल, बूट चावत असावेत असं चालणं. लई वाळला होता. चेहऱ्यावरचं ऊन गेलं होतं. पोरगी पोहे घेऊन आली आणि ताटली त्याच्यासमोर अशी ठेवली की लिंबाची फोड उडाली.

दीर म्हणाले, "विचारा, मुलीला काय विचारायचं ते."

"मीच विचारते," दामिनी म्हणाली आणि समोर बसली. "नोकरी कायमची?"

शिवलिंगअप्पा पुढं झुकून मला हळूच म्हणाले, "लग्नापुरती हो, बाई. वर्षभरात परत येईल रानात. सगळेच असं करायलेत."

हळू म्हणजे त्यांचं हळू. सगळ्यांनी ऐकलं.

दामिनीचे डोळे भरले आणि त्याच वेळी पेटलेही. "म्हणजे काकांना फसवायचं? आणि मला त्यात सामील धरलं? बोल ना... तोंड का शिवलंय? बसमधी तर लई चालत होतं!"

तो उठून उभा राहिला. "मला तिथं झोप लागत न्हाई, दामिनी. मशीनच्या आवाजात गाईचं हंबरणं ऐकू येतंय असं वाटतं. मला तू पाहिजे आन माझं रानही पाहिजे. खरं बोलून रान राहत होतं, खोटं बोलून तू मिळत होतीस. म्हणून खोटं बोललो. चुकलो." मग दिराकडं वळला. "काका, मी नोकरी सोडणार. शेतकरीच राहणार. आता काय म्हणायचं ते म्हणा."

दीर लालबुंद. "मग चालू पडा! सेटल न्हाई त्याला..."

"थांबा," संगमेश्वर म्हणाला. त्यानं फोन लावला, सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजावर ठेवून. "साहेब, संगमेश्वर बोलतोय. मी नोकरी सोडतोय."

पलीकडून आवाज आला, "कोण?"

"संगमेश्वर. दुसऱ्या पाळीतला."

"कोण संगमेश्वर? ...हां, असंल. गेटवर कार्ड जमा कर." आणि फोन ठेवला.

त्याची मान खाली गेली. मला त्या पोराची एवढी कीव आली आणि त्या कोणत्या तरी साहेबाचा एवढा संताप, की समोर असता तर पोह्याची कढई डोक्यात घातली असती.

दामिनी उठली. त्याच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली.

"ज्यांना तुझं नाव ठाऊक न्हाई, त्यांच्यात जाऊन बसला होतास?" आवाज कापत होता, रागानं की कशानं, तिलाच ठाऊक. "मी रोज घेते तुझं नाव. सकाळी उठले की... शिकवता शिकवता... तुझा फोन बंद होता तेव्हाही घेत होते. शिव्या देताना घेत होते."

तो नुसता तिच्याकडं बघत राहिला, तोंड अर्धं उघडं.

"काका," ती मागं न बघता म्हणाली, "मी ह्यालाच करणार."

दीर सुपारी मुठीत घट्ट धरून उठले. "मी ही फोडणार न्हाई. बघतो कोण फोडतंय ते!"

मी त्यांची मूठ उघडली. पहिल्यांदा आयुष्यात, दिराचा हात धरून. सुपारी घेतली, उंबऱ्यावर ठेवली आणि खलातला बत्ता उचलला. अप्पा चाचरत म्हणाले, "बाई, तुम्ही... म्हणजे नवरा नसताना असलं काम..."

"अप्पा, बाजूला सरका," मी म्हणाले, "तुकडा उडंल."

आणि एका घावात फोडली.