देवमन पुंजाराम, हजर असाल तर हात वर करा

ही गोष्ट खरी आहे.

खोटी असती तर मी ती जास्त रंगवून सांगितली असती, आणि शेवटही जरा बरा केला असता.

घडली माझ्या मामासोबत. श्रावणमामा. साल चौसष्ट, महिना एप्रिल, आंबेडकर जयंतीच्या दुसऱ्या दिवशीची रात्र. जागा अकोल्यातली, मोर्णा नदीच्या काठचं एक मैदान. आता तिथं घरं झाली आहेत. त्या घरांत राहणाऱ्यांना हे सांगायला मी काही जाणार नाही.

आधीच सांगून ठेवतो, आमच्या घरात भुताला थारा नाही. छप्पन साली धम्मदीक्षा घेतल्यावर आजोबांनी देव्हाऱ्यातले देव टोपल्यात भरून नदीत सोडले, तेव्हाच भूतखेतंही सोडली. लिंबू नाही, उतारा नाही, भगताची पायरी नाही. त्यामुळं मामावर जे गुदरलं, ते सांगायला त्याच्याजवळ माणूसच नव्हता. आपल्याच घरात तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

तेव्हा मामा विशीतला. दर्यापूरकडच्या टाकळी गावात राहायचा. देवमन त्याचा जिवलग. दोघं एका ताटात जेवायचे.

देवमनला वडील नव्हते. आई पंचफुला, आणि वर्षाने मोठा भाऊ चंद्रभान. हा चंद्रभान म्हणजे कव्वालीचा वेडा. बैल हाकतानाही ताना घ्यायचा, बैल बिचारे थांबून मागं बघायचे. त्याचं एकच म्हणणं होतं. अकोल्याला जयंतीचा सामना होतो, तो एकदा डोळ्यांनी बघायचा.

सामना म्हणजे दोन कव्वाली पार्ट्या समोरासमोर. दोन स्टेज, दोन ढोलक. एकीनं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसरीनं गाण्यातून तोडायचा. बेंजो, हार्मोनियम, आणि झाडांना बांधलेले भोंगे. खेड्यातल्या पोरांनी एवढा आवाज जन्मात ऐकलेला नसायचा.

दोघं भाऊ जाणार होते.

पण आदल्या उन्हाळ्यात खुशालराव पाटलांच्या विहिरीतला गाळ काढताना दरड कोसळली. चंद्रभान खाली होता.

दुसऱ्या दिवशी काढला. कोपरापर्यंत हात तेवढे वर आलेले होते. बाकी सगळा गाळात.

त्यानंतर देवमन हसायचाच बंद झाला. म्हणून जयंती जवळ आली तशी मामानंच गोष्ट काढली. चाल, आपण जाऊ. भावाची हौस तू फेड. पंचफुला काही केल्या सोडेना. शेवटी दारात उभी राहून म्हणाली, "श्रावण, एक लेक मातीत गेला माया. हा एवढाच उरला. जसा नेऊन राहिला तसा आणून देजो."

"देतो मावशी. बिनघोर राय."

मामा म्हणतो, एवढा सोपा शब्द त्यानं पुन्हा कोणाला दिला नाही.

संध्याकाळी दोघं मैदानात पोचले. माणूसच माणूस. पोरंबाळं, म्हाताऱ्या, शेंगदाणेवाले, निळे झेंडे. जाजमावर पाय ठेवायला जागा नव्हती. दोघं कसेबसे मधोमध घुसले. पहिली थाप पडली आणि ढोलक छातीतच वाजायला लागली. समोरची पोरं उठून नाचायला लागली. मामानं शेजारी बघितलं.

देवमन हसत होता.

मामाला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

आता तिथली एक रीत सांगतो, कारण सगळं तिच्यावरच आलं.

गाणं आवडलं की लोक स्टेजजवळ जाऊन रुपया द्यायचे. माइकवरचा माणूस देणाऱ्याचं नाव गावासकट पुकारायचा. देणारा बसल्या जागी हात वर करायचा आणि लोक टाळ्या वाजवायचे. गेलेल्या माणसाच्या आठवणीतही बक्षीस देता यायचं. तेव्हा त्याच्या नावाआधी 'कालकथित' लावायचं. इतर लोक कैलासवासी म्हणतात, आमच्यात कालकथित. आणि त्या नावावर टाळ्या नाहीत. गाणारेही मान खाली घालून क्षणभर थांबायचे.

देवमन उठला. मामा त्याच्या मागोमाग.

माइकवर बुधाजी नावाचे गृहस्थ होते. जाड चष्मा, घसा बसलेला. देवमननं रुपया दिला आणि नाव सांगितलं.

"चंद्रभान पुंजाराम, मुक्काम टाकळी."

बुधाजींनी विचारलं, "स्वतः आहेत, की स्मरणार्थ?"

मामानं तोंड उघडायच्या आत देवमन म्हणाला, "सोता हायेत. हजर हायेत."

मामानं त्याचा सदरा ओढला. "काहून खोटं बोलून राहिला बे?"

"त्याच्या नावाआधी तो शब्द लावायले जीभच उचलत नाई माई," देवमन म्हणाला. "एक रात्र जिता राहू दे ना त्याले. कोणाचं काय जाते?"

मामानं सदरा सोडला.

भोंगा गरजला. "चंद्रभान पुंजाराम, मुक्काम टाकळी, यांच्यातर्फे एक रुपया. स्वतः हजर आहेत. कुठं बसलात, हात वर करा."

दोघंही अजून स्टेजच्या पायरीशीच उभे होते. देवमननं हात वर करायला घेतला...

त्याआधीच मागे, गर्दीच्या मधोमध, एक हात वर झाला.

जिथं हे दोघं आतापर्यंत बसले होते, नेमका तिथं.

"हां, तिकडं आहेत," बुधाजी म्हणाले. "वाजवा टाळ्या."

टाळ्या पडल्या. हात खाली गेला. बल्बच्या उजेडात मामाला एवढंच दिसलं, की तो हात कोपरापर्यंत काळा होता. आणि ओला.

कोणी चावटपणा केला असेल, असं मामानं स्वतःला समजावलं. टाकळीचं दुसरं कोणी आलं असेल. मन असतंच तसं, चोराला आधी पाहुणा समजतं.

दोघं जागेवर परत आले.

एवढ्या गर्दीत त्यांची जागा तशीच रिकामी होती. दोघांची नाही... तिघं बसतील एवढी.

शेजारच्या म्हाताऱ्यानं पाय आखडून घेतले होते. "अठी ओल हाय गा," तो कुरकुरला. "कोणं पानी सांडलं काय मालूम."

मामानं जाजमाला हात लावला. थंडगार. एप्रिलच्या अकोल्यात, जिथं रात्रीही जमीन पोळते, तिथं ते जाजम थंडगार होतं. आणि वास येत होता.

उपसलेल्या विहिरीचा वास.

"देवमन, चाल. निघू आपण."

देवमन हलला नाही. तो त्या रिकाम्या जागेला लागून बसला. भीती त्याच्या तोंडावर नव्हती. जत्रेत हरवलेलं पोरगं आपलं माणूस दिसल्यावर हरखतं ना, तसा चेहरा.

"आला थो," देवमन हळूच म्हणाला. "म्या बोलावला, आन् आला."

आजूबाजूला हजार माणसं, दिवे, गाणी. पळावं तर कशापासून? समोर तर काहीच नव्हतं. फक्त जागा होती.

ढोलक चढत गेली. लोक ताल धरत होते. मामाच्या डाव्या बाजूला म्हाताऱ्याच्या टाळ्या, उजव्या बाजूला देवमनच्या. आणि देवमनच्या पलीकडून...

त्याच तालात, पण ओल्या हातांनी वाजवल्यासारख्या, जड टाळ्या.

गाणं संपलं. भोंगा खरखरला.

"चंद्रभान पुंजाराम, मुक्काम टाकळी, यांच्यातर्फे आणखी एक रुपया..."

मामानं देवमनकडं बघितलं. देवमन जागचा उठलेला नव्हता.

"...त्यांचे धाकटे बंधू, कालकथित देवमन पुंजाराम यांच्या स्मरणार्थ."

मैदान शांत झालं. दोन्ही स्टेजवरच्या गाणाऱ्यांनी माना खाली घातल्या. हजार माणसं माझ्या मामाच्या जित्या मित्रासाठी गप्प झाली, आणि तो मित्र मामाच्या शेजारी बसलेला होता.

मामा उठला आणि माणसं तुडवत स्टेजकडं धावला. पंचफुलामावशी दारात उभी असलेली त्याला दिसत होती. जसा नेऊन राहिला तसा आणून देजो.

"कोणं देला हा रुपया? कोणं नाव सांगतलं?"

बुधाजी गोंधळले. "आता इथंच उभा होता तो. तुझ्याएवढाच असेल." त्यांनी रुपया पुढं केला. नोट भिजून लगदा झाली होती.

"देवमन जिता हाय, बुवा. थो पहा, तठी बसला हाय. हे वापस घ्या तुमी. तुमाले हात जोडतो."

माणूस भला होता. "चूक झाली असेल, बाबा. सुधारून सांगतो," म्हणाला आणि माइकवर आला.

"एक दुरुस्ती ऐका. देवमन पुंजाराम, मुक्काम टाकळी, हयात आहेत. इथं हजर आहेत. देवमन पुंजाराम, हात वर करा."

मामा स्टेजच्या कडेला उभा होता. तिथून त्याला देवमन स्पष्ट दिसत होता. डोक्यावरचं मुंडासं, पांढरा सदरा, सगळं.

देवमननं हात वर केला नाही.

"देवमन पुंजाराम, हजर असाल तर हात वर करा."

मामानं स्वतःचा हात उंच करून खुणावलं. कर ना बे. कर एकदा.

बुधाजींनी तिसऱ्यांदा पुकारलं. लोक इकडंतिकडं बघायला लागले, कोण हा देवमन म्हणून.

आणि देवमननंही मान वळवली... उजवीकडं बघितलं, मागं बघितलं...

बाकीचे सगळे शोधत होते, तसा तोही शोधत होता.

मग कंटाळून पुढं बघायला लागला. बुधाजींनी खांदे उडवले आणि पुढची पार्टी सुरू झाली.

मामा परत आला तेव्हा जाजम कोरडं होतं. तिघांची जागा दोघांची झाली होती. म्हातारा पाय पसरून बसला होता. देवमन ताल धरत होता, आणि त्याचा एक ठेकाही चुकत नव्हता.

"हात काहून नाई केला?" मामानं विचारलं.

"कोणाले?" तो म्हणाला. "गाणं आयकू दे, श्रावण. किती वर्षांचं मनात होतं."

पहाट होईपर्यंत तो हलला नाही. मामाही हलला नाही. त्याला सोडून जावं तरी कसं, आणि सोबत घेऊन जावं तरी कसं?

सकाळच्या गाडीनं दोघं निघाले. उजेडात सगळं नेहमीसारखं वाटायला लागलं. तोच चेहरा, तोच आवाज, भुवईवरची लहानपणीची खोकही तीच. मामानं हाक मारली, "देवमन." तो खिडकीबाहेर बघत राहिला. दुसऱ्यांदा मारली तेव्हा दचकून म्हणाला, "हं? मले म्हणून राहिला काय?"

झोप झाली नाही म्हणून असेल, असं मामानं ठरवलं. ठरवायला काय जातं?

पंचफुला दारातच बसली होती. मामा लांबूनच ओरडला, "मावशी, आणला बरं का तुया लेक."

ती हसत उठली. चार पावलं पुढं आली. आणि थांबली.

तिनं लेकाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग त्याच्या गालावरून हात फिरवला.

"चंद्रभान?" ती म्हणाली.

"हाव, माय," तो म्हणाला, आणि तिला ओलांडून घरात गेला. रांजणातलं पाणी प्यायल्याचा आवाज आला. एक गडवा, दुसरा, तिसरा. जन्माची तहान असल्यासारखा पीत होता.

पंचफुला रडली नाही. मामाजवळ आली आणि अगदी हळू, घरात ऐकू जाऊ नये म्हणून हळू, विचारलं.

"श्रावण, देवमनले कुठी सोडून आला?"



तिनं ही गोष्ट गावात कोणाला सांगितली नाही. सांगून काय करणार होती? दारात आलेल्या लेकाला आई परत पाठवते का? जग त्याला देवमन म्हणत राहिलं, तोही हळूहळू ओ द्यायला शिकला. लग्न झालं, पोरं झाली. वाईट माणूस म्हणाल तर तसाही नाही. आईला त्यानं तळहाताच्या फोडासारखं जपलं.

फक्त पंचफुलाआजी दरवर्षी जयंतीच्या दुसऱ्या दिवशी एक मेणबत्ती लावायची. कोणासाठी, ते कोणी विचारलं नाही. तो शेजारी बसून वारा लागू नये म्हणून हाताचा आडोसा धरायचा.

ती गेली त्याला आता बरीच वर्षं झाली.

मामा मात्र दरवर्षी त्या दिवशी अकोल्याला जातो. म्हातारा झालाय, गुडघे चालत नाहीत, म्हणून मागच्या खेपेला मी सोबत गेलो. भरदुपारी त्या घरांच्या गल्लीत तो उभा राहिला, इकडंतिकडं बघितलं, आणि हलक्या आवाजात हाक मारली.

"देवमन... चाल बाप्पा, घरी जाऊ."

आम्ही वाट बघितली. एक कुत्रं उठून दुसऱ्या सावलीत गेलं. बाकी काही नाही.

परत येताना मी हसण्यावारी नेत विचारलं, "मामा, खरंच कोणी ओ दिली असती तर?"

मामा हसला नाही.

"तेच तर भेव हाय मले," तो म्हणाला. "शब्द देल्ला हाय, आणाच लागंन त्याले. पण मंग टाकळीले त्या घरात जो नातू खेळवत बसला हाय... त्याले कुठी पाठवू?"

यंदा मामाला जाववणार नाही. तो म्हणतो, माझ्याऐवजी तू जा आणि हाक मार.

मी अजून हो म्हटलेलं नाही.