तिसरा प्रश्न

२०१९ साली संक्रांतीला चार दिवस राहिले असताना मी तीळ घ्यायला दालबाजारात गेले, आणि दुकानाच्या पायरीवरून घसरून माझं डोकं लोखंडी शटरवर आपटलं. रक्त आलं नाही. डॉक्टर म्हणाले, मेंदूला मुका मार आहे, महिना-दोन महिने त्रास होईल.

झाला. उजेड टोचायचा, कुकरची शिटी कवटीत वाजायची. रात्रभर मी टक्क जागी. दुपारी माधवगंजच्या आमच्या गच्चीवर उन्हात खाट टाकली, की तेवढाच डोळा लागे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज झोपेतून उठवून तीन प्रश्न विचारा: नाव काय, साल कोणतं, घरात कोण कोण आहे.

माझी सून विनिता हे काम हौसेनं करी.

"आई, बताओ, घरात कोण कोण?"

"राघव, तू, मी आणि हे."

"हे कोण? नाव सांगा. डॉक्टरसाहेब नंबर कापतील हं!"

"कापू देत," हे खुर्चीतून म्हणाले. "चोपन्न वर्षांत नाही घेतलं, आता काय घेणार?"

आमच्यात नवऱ्याचं नाव फक्त उखाण्यात घेतात. लग्नाच्या दिवशी माझी नणंद पद्मा दारात हात आडवे करून उभी राहिली. सोळा वर्षांची, दोन वेण्या, केसांना शिकेकाईचा वास. "नाव घे, मग आत." मी रडायलाच लागले. सासूबाईंनी तिला बाजूला केलं. "वहिनी, एक दिवस घ्यायला लावीनच," ती हसून म्हणाली.

हे फौजेत. दोन हिवाळे पद्मा आणि मी एका रजईत झोपलो. मग विषमज्वरानं ती गेली. शेवटचे तीन दिवस एकच म्हणत होती, "दादाला बोलाव ना, वहिनी." तार केली होती. हे पोचले नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात विनिता म्हणाली, "आई, मी आता विचारत नाही. मी जिन्यात असते, तेव्हाच तुम्ही उत्तरं देत असता."

"कोणाला?"

"मुझे क्या पता? झोपेत बडबडत असाल."

दुसऱ्या दिवशी मी झोपेतच कान देऊन राहिले. उशाशी शिकेकाईचा वास आला. नाव विचारलं, मी सांगितलं. साल विचारलं. मग, "घरात कोण कोण?"

"राघव, विनिता, मी."

"आणि?"

मी ओठ मिटले. लगेच जाग आली. तेव्हापासून रोज तसंच. "आणि?" म्हटलं, की झोप उडे. दुपारचीही गेली. अकरा दिवस. भिंत धरून चालायची पाळी आली.

शेवटी यांना सांगितलं. हे हसले नाहीत.

"कशी दिसते?"

"दिसत नाही. तुमचं नाव मागते."

हे गच्चीवरून दिसणाऱ्या किल्ल्याकडे वळले. "घेऊ नकोस," म्हणाले. मग हळूच, "फार वाट बघितली का गं तिनं?"

त्या दुपारी मी डोळे मिटले.

"आणि?"

मी कूस बदलली.

"वहिनी, आणि?"

मला फक्त झोपायचं होतं.

मी नाव घेतलं.

जाग आली ती दुसऱ्या सकाळी. डोकं हलकं, स्वच्छ. हे खुर्चीत डोळे मिटून बसले होते, ओठ हलत होते. मी कान जवळ नेला.

"आई, पद्मा आणि मी," हे सांगत होते. आई म्हणजे माझ्या गेलेल्या सासूबाई. त्या घरात मी नव्हतेच.

पाडव्याच्या आधी हे गेले. झोपेत, काही दुखलं नाही. राघवचे केस पिकले. विनिता थाटीपुरच्या शाळेत शिकवते, दुपारी तीनला येते. माझं डोकं पुन्हा कधी दुखलं नाही, झोपही गाढ लागते.

फक्त झोपण्याआधी मी तोंडावर रुमाल घट्ट बांधते. विनिताला वाटतं, थंडीसाठी. एरवी तो तसाच असतो. काल दुपारी दोनला उठले, घरात कोणी नव्हतं, तर तो घडी करून उशाशी ठेवलेला होता.